कुलूपबंद डाग

"डॉक्टर, माझा दिवा बिघडलाय," असं प्रयोगशाळेच्या दारातूनच सांगत सदानंद पोतनीस चपला काढायला वाकले.

"अहो, थांबा! अनवाणी आत येऊ नका," आतून डॉ. सलमा मुजावर ओरडल्या. "ही जीवाणूंची प्रयोगशाळा आहे, कुणाचं देवघर नाही. त्या मांडणीवरचे स्लीपर घाला. दहा वर्षं सांगतेय मी तुम्हाला!"

पोतनीसांनी नाइलाजाने रबरी स्लीपर पायात सरकवले. उजवी टाच टेकताना त्यांनी ओठ चावला. थंडी सुरू झाली की त्यांच्या टाचांना भेगा पडायच्या, आणि यंदा उजवीने फारच छळलं होतं. रोज झोपताना कोकमतेल गरम करून भेगांत भरायचं आणि सकाळी पुन्हा लोकांच्या थंडगार फरश्यांवर फिरायचं, असा त्यांचा हिवाळा चालला होता.

फिरणं हाच त्यांचा धंदा. पोतनीस नाशिकचे सरकारमान्य घरतपासनीस होते आणि त्यांचं काम एकच: या घरात पूर्वी कधी मांजर मुतलं होतं का, हे शोधून काढायचं. हसू येतंय ना? त्यांच्या मेहुण्यालाही यायचं. लग्नकार्यात "हे आमचे शूसाहेब" अशी ओळख करून द्यायचा मेला. पण ज्यांच्या घरी मार्जारदम्याचं मूल होतं, त्यांना हसू येत नसे. हा आजार पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, साधी धूळ बाधत असेल. पुढे कळलं की मांजराच्या मुतातलं एक प्रथिन या मुलांच्या श्वासनलिका आवळून टाकतं, आणि मांजर घरातून जाऊन दहा वर्षं झाली तरी ते फरशीत टिकून राहतं. मग कायदा झाला. असं मूल ज्या घरात राहायला जाणार, त्या घराला तपासनिसाचा दाखला हवाच. विकणारे लोक फिनेल ओततात, गालिचे अंथरतात, "आमच्याकडे मांजर? छे!" म्हणतात. पण पोतनीसांच्या हातातला स्फटिकदीप, मुताचा वाळलेला डाग उजळवणारा दिवा, खोटं ऐकत नसे. अठरा वर्षांत त्यांचा एकही दाखला चुकला नव्हता, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

"काय झालं दिव्याला?" सलमाबाईंनी विचारलं.

"शून्य दाखवतोय."

"मग पेढे वाटा की. मांजर नाही."

"मांजर होतं, डॉक्टर! गंगापूर रस्त्यावरचा फ्लॅट आहे, धोंगडेबाईंचा. दीड महिन्यापूर्वी याच दिव्याने मी तिथे कोठीच्या खोलीत डाग पाहिलेत. नकाशा काढलाय त्याचा. तेव्हाचं गिऱ्हाईक फिसकटलं, दाखला त्याच्याच नावाचा होता, म्हणून काल नव्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा गेलो. तर काहीच नाही. अहो, गायसुद्धा नाही!"

हे ऐकल्यावर सलमाबाईंनी हातातली काचपट्टी खाली ठेवली.

गाईचं असं होतं. परदेशी बनावटीचे पहिले स्फटिकदीप नाशकात आले, तेव्हा प्रत्येक घराची जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत चमकायला लागली. तपासनिसांचे डोळेच फिरले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की वास्तुशांतीच्या वेळी गुरुजी आंब्याच्या डहाळीने घरभर गोमूत्र शिंपडतात, आणि मूत म्हटलं की दिव्याला गाय काय नि मांजर काय! शेवटी इथल्या दिव्यांना एक बटण बसवावं लागलं, गोवजावट. ते दाबलं की गाईच्या खुणा वजा होतात. नवे तपासनीस दारातच ते बटण दाबून मोकळे होत. पोतनीस मात्र आधी न दाबता एक फेरी मारत. गाईचे थेंब जागच्या जागी दिसले की त्यांना बरं वाटे. म्हणजे फरशी अस्सल आहे, कुणी काही केलेलं नाही.

सलमाबाईंनी कपाटातून प्रमाण-फरशी काढली. तिच्यावर मांजर, कुत्रा, गाय, उंदीर यांचे मोजूनमापून टाकलेले डाग होते. पोतनीसांनी दिवा धरला. चारही डाग लख्ख उजळले.

"दिवा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पोतनीस, मला एक सांगा. बंद डागाचा दाखला तुम्ही कशाच्या जोरावर देता?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांगा तर."

"मूत वाळलं की त्यातल्या आम्लाचे स्फटिक होतात आणि फरशीच्या छिद्रांत बसतात. चिक्कीत दाणा अडकावा तसं प्रथिन त्या स्फटिकांत अडकून पडतं. डाग जुना आणि घट्ट असला, तर ते हवेत येत नाही. तो बंद डाग. वर खुशाल राहा, फक्त जमीन खरवडू नका. आता नाशकात मांजराचा डागच नाही असं घर आणायचं कुठून? मी देतो त्यातले बरेचसे दाखले बंद डागाचेच असतात."

"आणि दिव्याखाली चमकतं काय?"

"स्फटिक. प्रथिनाला चमक नसते."

"म्हणजे तुमचा दिवा कुलूप बघतो, आतला चोर बघत नाही. आता समजा, कुणी कुलूपच खाऊन टाकलं तर?"

पोतनीसांनी हातातला दिवा टेबलावर ठेवला.

सलमाबाईंनी सांगितलं ते असं. सार्वजनिक मुताऱ्यांमध्ये साचणारा थर खाऊन टाकण्यासाठी काही वर्षांपूर्वी एक जीवाणू घडवला गेला होता, क्षारभक्षी. थर तो झकास खातो. तीन-चार आठवड्यांत एकही स्फटिक शिल्लक ठेवत नाही, मग तो गाईचा असो वा मांजराचा. पण प्रथिनाला तोंड लावत नाही. घरात वापरायला त्याला सक्त बंदी होती. तरीही काही दलाल बाटल्या भरून चोरून विकत आणि घरमालक डाग पुसायला घेत.

"डाग पुसला जातो," त्या म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं कोंडलेलं प्रथिन मोकळं होतं. रोजच्या केरवाऱ्यात धुळीबरोबर उडतं. दिव्यात शून्य आणि हवेत विष."

"आणि मी काल सही करणार होतो," पोतनीस पुटपुटले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

केतकी रणपिसे. या नव्या गिऱ्हाइकाचं नाव फोनवर दिसलं आणि पोतनीसांना फोन घेऊ नये असं वाटलं. तिची मुलगी जुई सहा वर्षांची होती. अडीच महिन्यांपूर्वी पोतनीसांच्याच दाखल्यावर रणपिसे कुटुंब इंदिरानगरात भाड्याने राहायला आलं. पहिला महिना छान गेला, पोर जिना चढून धावायला लागली. मग खोकला सुरू झाला. आता दिवसातून तीनदा पंप लागत होता. त्या घरात राहायचं नाही, असं ठरवून केतकीने धोंगडेबाईंचा फ्लॅट पाहिला होता.

"काका, झाला का दाखला?" तिचा आवाज थकलेला होता. "परवा टेम्पो सांगितलाय. जुई रात्रभर बसून होती. आडवी झाली की श्वास लागतो."

"थोडी शंका आहे गं. संध्याकाळपर्यंत सांगतो."

"शंका असेल तर नका देऊ. पण मग आम्ही जायचं कुठे? तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाचं मी ऐकत नाही."

"आज दार-खिडक्या लावून घे," पोतनीस म्हणाले. "बाहेर या दिवसांत फार धूळ असते. पोरीला घरातच ठेव. आपलं घर तर बंद डागाचं आहे, मी गेल्या आठवड्यात येऊन पाहिलंय ना!"

पाहिलं होतं खरं. दिवा नेला नव्हता, पण जमीन कुठे खरवडलेली नाही एवढं बघितलं होतं, चहा घेतला होता आणि जुईने काढलेलं दिव्याचं चित्र खिशात घालून आणलं होतं.

तासाभरात पोतनीस आणि सलमाबाई स्वयंरिक्षाने धोंगडेबाईंच्या दारात उतरले. विजया धोंगडे टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि आता बहिणीकडे साताऱ्याला निघालेल्या. दार उघडताच पोतनीसांनी सरळ तोंड सोडलं. अठरा वर्षांत ते कुणावर इतके चिडले नव्हते.

"बाई, कोणती बाटली ओतलीत फरशीवर? सहा वर्षांची मुलगी या घरात राहायला येणार आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिचा जीव गेला असता!"

"कसली बाटली?" बाई चक्रावल्या. "मी साध्या पाण्याने पुसते. फार तर चमचाभर मीठ."

"मग मांजराचे डाग कुठे गेले?"

"ते मला काय विचारता? सुभेदार बोका अकरा वर्षं होता माझ्याकडे. त्या कोठीत करायचा मुलखाचा आळशी. हे मी पहिल्याच फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलंय!" बाईंचा आवाज चढला. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. आणि लपवायचंच असतं, तर तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधी लपवलं नसतं का? तुम्ही डाग पाहून, नकाशा काढून, सही करून गेल्यावर कशाला पुसत बसेन मी?"

पोतनीसांनी खिशातून तो नकाशा काढून खालची स्वतःची सही पाहिली.

"बाई बरोबर बोलताहेत," सलमाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी बॅगेतून पायपिशव्या काढून स्वतःच्या पायांत चढवल्या आणि एक जोड पोतनीसांसमोर धरला. तपासनिसांनाही अशा पिशव्या सरकारकडून मिळत. पोतनीसांच्या कपाटात त्यांचे गठ्ठे न फोडता पडले होते. लोकांच्या घरात, देवाच्या समोरून, पायांत प्लास्टिक घालून फिरायचं हे त्यांच्या मनाला कधी पटलं नव्हतं. चप्पल बाहेर, उजवा पाय आत, असे ते प्रत्येक घरात शिरत. लोकांनाही ते आवडे.

"राहू द्या, मी इथेच खुर्चीवर बसतो," ते म्हणाले.

सलमाबाईंनी रंगाऱ्याच्या रोलरसारखं एक यंत्र जोडलं. त्याला त्या छापरूळ म्हणत. जमिनीवरून फिरवला की कुठला जीवाणू कुठे किती दाट आहे, याचा नकाशा पडद्यावर उमटे. एकेक खोली करत त्या फिरू लागल्या. धोंगडेबाई रागावलेल्या होत्या, तरी चहा टाकायला गेल्या. पोतनीस बोटं मोडत बसले. परवा टेम्पो येणार, आणि या घराचं तर आता मातेरं झालं. जुईला न्यायचं कुठे? दुसरं एक रिकामं घर त्यांच्या माहितीत होतं. उद्या सकाळीच जाऊन ते तपासू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"क्षारभक्षी आहे," सलमाबाई आतून म्हणाल्या. "घरभर आहे. पण काहीतरी विचित्र दिसतंय. इकडे बघा."

त्यांनी खुर्चीपाशी आणून धरलेल्या पडद्यावर घराचा नकाशा होता आणि त्यावर लाल ठिपके.

"कुणी बाटली ओतली असती, तर कोठीत एक मोठा लाल धब्बा दिसला असता आणि तिथून पुसण्याबरोबर पसरला असता. इथे तसं नाही. पुसण्याने जे पसरलंय ते फिकं आहे. पण हे दाट ठिपके बघा. एका रांगेत. दाराच्या उजवीकडून सुरू होतात, भिंतीच्या कडेने शेवटापर्यंत जातात, वळतात, हातभर सरकून परत येतात. पुन्हा वळतात. शेतात तास घालावेत तसे. प्रत्येक खोलीत हेच."

तास घालणं! नवशिक्या तपासनिसांना पोतनीस स्वतः शिकवत, हेच शब्द वापरून: दाराच्या उजवीकडून सुरू करायचं, हातभर पट्टा, एक फरशी सोडायची नाही.

"आणि ठिपक्यांमधलं अंतर एकसारखं आहे," सलमाबाई पडद्यावरून नजर न काढता बोलत होत्या. "माणसाची दोन पावलं होतील एवढं. म्हणजे एकच पाय उमटलाय. फक्त इथे, देवघरासमोर, सगळे ठिपके एका जागी गोळा झालेत. इथे काय होतं, बाई? पाट वगैरे?"

धोंगडेबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडद्यात वाकून पाहिलं.

"इथे? इथे काही नसतं," त्या म्हणाल्या. "इथे तर हे उभे राहिले होते मागच्या वेळी. दिवा खाली ठेवून, हात जोडून, चांगली दोन मिनिटं. मला इतकं बरं वाटलं होतं, म्हटलं माणूस देवभोळा आहे."

मग सलमाबाई खुर्चीसमोर खाली बसल्या.

"उजवा पाय द्या," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर, नको."

"द्या म्हणते ना."

कापसाची काडी त्यांनी टाचेच्या भेगेत फिरवली. भेगेत रात्रीचं कोकमतेल पिवळसर गोठलेलं होतं. काडी यंत्रात घातली आणि पडदा गच्च लाल झाला. घरातल्या कुठल्याही ठिपक्यापेक्षा लाल.

"घामातही थोडं मूत्राम्ल असतं," सलमाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तेवढ्यावर जगलेत. खोल भेग, ऊब, आणि वर रोज तेलाचं झाकण. मी प्रयोगशाळेत त्यांची एवढी बडदास्त ठेवत नाही. कुठे लागला असेल, आठवतं का? ओली फरशी? आंबट ताकासारखा वास?"

आठवत होतं. दिवाळीच्या आधी, पेठेतल्या एका बंगल्यात. जमीन ओलीच होती. "आत्ताच पुसलंय हो, जरा जपून," मालक हसत म्हणाला होता, आणि पोतनीसांनी त्या चकाकत्या ओलीवरून सगळे तास घातले होते. डाग तेव्हा दिव्यात नीट दिसले, कारण जीवाणूंनी खायला नुकती सुरुवात केली होती.

"त्यानंतर किती घरं केलीत?"

"त्रेचाळीस."

"बंद डागाची?"

"एकोणतीस." दाखला काढतात तेच मुळी घरात मार्जारदम्याचं मूल असतं म्हणून. हे एक सोडलं, तर अठ्ठावीस घरं म्हणजे अठ्ठावीस पोरं. प्रत्येक घरात ते उजवा पाय टाकून शिरले होते, प्रत्येक देवघरापुढे हात जोडून उभे राहिले होते, आणि प्रत्येक घरात कुलूप खाणारं काहीतरी मागे ठेवून आले होते. पहिला महिना छान गेला असणार. मग खोकला सुरू झाला असणार.

पहिला महिना छान, मग खोकला. पोतनीस ताडकन उठले.

"इंदिरानगर," ते म्हणाले. "माझ्या यादीतलं चौथं घर. डॉक्टर, मी तिला सकाळी दार-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं!"

बाकीच्या घरांना आणि आरोग्य खात्याला कळवण्याचं सलमाबाईंनी अंगावर घेतलं. जाता जाता त्यांनी पायपिशव्यांचं अख्खं पुडकं पोतनीसांच्या हातात कोंबलं. स्वयंरिक्षात बसल्याबसल्या पोतनीसांनी केतकीला फोन लावला. सहा वेळा घंटी गेली. सातव्या घंटीला तिने उचलला.

"केतकी, जुईला घेऊन खाली उतर. आत्ता, याच मिनिटाला. घराबाहेर पड."

"पण काका, तुम्हीच म्हणालात बाहेर धूळ आहे, घरातच ठेव…"

"मी चुकलो! वाद घालू नकोस, बये, उतर खाली! पंप घे बरोबर. काही सामान घेऊ नकोस."

इंदिरानगरात रिक्षा थांबली तेव्हा केतकी इमारतीच्या पायरीवर बसलेली होती. जुई तिच्या मांडीवर होती, ओठ निळसर, खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते. पंपाचा फवारा नुकताच दिला होता. पोतनीस चार हात अंतरावर उभे राहिले. जवळ जायची त्यांची छाती होईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. मोकळ्या हवेत पोरीच्या छातीतली शिट्टी हळूहळू बारीक झाली. ओठांवर थोडा रंग आला. तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

"दिवेकाका," ती म्हणाली, "तुमचा दिवा कुठाय?"

पोतनीसांना रडू आवरलं नाही. रस्त्यावरून लोक जात होते, तरी ते लहान पोरासारखे रडले.

"देवासारखे धावून आलात," केतकीही रडत होती. "आणखी अर्धा तास आत असतो तर काय झालं असतं? आता जे घर घेऊ, त्यात आधी तुमचे पाय लागू देत, मगच आम्ही पाऊल टाकू."

"केतकी, ऐक. देवासारखा नाही आलो मी." त्यांनी डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं. बंगल्यातली ओली फरशी, टाचेची भेग, तेल, धोंगडेबाईंच्या घरातले लाल ठिपके. काही राखून ठेवलं नाही. "तुझ्या घरात ते मी आणलं. माझ्या पायाने. जुईचा खोकला माझ्यामुळे आहे."

केतकी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली. तिने जुईला छातीशी घट्ट धरलं आणि बसल्या जागी मागे सरकली. ती शिव्या देती तर पोतनीसांना बरं वाटलं असतं.

"तुम्हाला पिशव्या दिलेल्या असतात ना पायात घालायला?" तिने शेवटी विचारलं. "सरकारी?"

"असतात."

"मग?"

लोकांना आवडत नाही, देवासमोर बरं दिसत नाही, ही सगळी उत्तरं आता पोतनीसांच्या तोंडातून बाहेर पडेनात.

"जाऊ दे," केतकी उठत म्हणाली. "जागा अपुरी आहे, तरी आम्ही माझ्या आईकडे जातो पंचवटीत. तिच्या घराला दाखला आहे. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच दिलेला, बंद डागाचा. तेव्हा तर तुमचे पाय नीट होते ना?"

"हो, तेव्हा काही नव्हतं," पोतनीस म्हणाले. त्यांना हायसं वाटलं. यादीबाहेरचं एक घर तरी सुरक्षित होतं. दवाखान्यात आधी दाखवून मग आईकडे जा, असं ते सांगणार होते, तेवढ्यात त्यांचं लक्ष खाली गेलं.

केतकी घाईत अनवाणीच उतरली होती. जुईचे इवलेसे पाय तिच्या कमरेवरून लोंबत होते, उघडे, तळवे काळपट. घरात कोण पायात काही घालतं? अडीच महिने त्या दोघी त्या फरशीवर तशाच वावरल्या होत्या. त्या फरशीवरून उठून त्या जिथे जिथे गेल्या, तिथे दारात चपला काढून तशाच आत शिरल्या असणार, चारचौघांसारख्या.

"केतकी," त्यांनी विचारलं, "आईकडे यापूर्वी कधी गेला होतात?"

"गेल्याच रविवारी. माझ्या भाचीचं बारसं होतं. दिवसभर तिथेच होतो." बोलता बोलता तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

पोतनीसांनी पुडकं फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पायरीवर बसले आणि दोन्ही पायांत पिशव्या चढवल्या. मग एक जोड केतकीच्या पायांशी ठेवला आणि सर्वांत लहान जोड जुईसाठी गाठ मारून आणखी लहान केला. खिशातून त्रेचाळीस घरांची यादी काढली. तिच्या तळाशी लिहिलं, केतकीच्या आईचं घर, पंचवटी.

"आता आठवून सांग," ते म्हणाले. "बारशाला आणखी कोण कोण आलं होतं?"